पावसाळ्यात समुद्राला जाताना: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर आखणी

कोल्हापुरातून समुद्र फार लांब नाही. गगनबावडा, फोंडा, आंबा, आंबोली, अणुस्कुरा यांपैकी एक घाट उतरला की तीन-चार तासांत खारं वारं अंगाला लागतं. उन्हाळ्यात आपण बॅग भरतो आणि निघतो. पावसाळ्यात तसं चालत नाही, कारण पुढे सह्याद्रीचा कडा असतो आणि मागे पंचगंगा असते. घाट जाताना अडवतो, नदी येताना अडवते. बहुतेक जण आधी बीच ठरवतात, मग हॉटेल, आणि रस्त्याचा विचार निघायच्या आदल्या रात्री करतात. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी परतीचा रस्ता, मग उतरायचा घाट, मग मुक्काम, आणि समुद्रावर काय करायचं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला की पावसाळी कोकणासारखं सुख नाही. किनारे रिकामे, खोल्या स्वस्त, भातखाचरं हिरवीगार, आणि घरमालकाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

एक गोष्ट निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पोरांना, सांगून ठेवा. या सहलीत समुद्र बघायचा आहे, ऐकायचा आहे, त्यात उतरायचं नाही. हे किनाऱ्यावर पोचल्यावर सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

कधी जायचं

दक्षिण कोकणात मान्सून साधारण जूनचा पहिला आठवडा संपताना पोचतो. पहिले काही दिवस वादळी असतात. झाडं पडतात, वीज जाते, समुद्र खवळलेला असतो. तो जोर जरा ओसरला की जूनचा तिसरा-चौथा आठवडा येतो, आणि ज्यांना खरा पाऊस हवा आहे त्यांच्यासाठी माझ्या मते हाच काळ उत्तम. धबधबे सुरू झालेले असतात, पण राधानगरीसारखी धरणं अजून भरलेली नसतात. पडलेलं पाणी धरणं पोटात घेतात, त्यामुळे नद्या सहसा पात्रात राहतात आणि परतीचा रस्ता मोकळा मिळतो.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा महिना जपून. 2005 चा पूर जुलैअखेरचा, 2019 चा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला, 2021 चा जुलैच्या चौथ्या आठवड्यातला. तिन्ही मोठे पूर याच खिडकीत बसतात. धरणं भरत आलेली असतात, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणीपातळी गाठली की आपोआप उघडतात, आणि वर गगनबावड्यात पाऊस सुरूच असतो. या महिन्यात जाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण जायचंच तर रजेचा एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवा, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा, ऑपरेशन किंवा लग्न असलं काही ठेवू नका.

लहान मुलं, वयस्कर आई-वडील किंवा पहिल्यांदाच पावसात कोकणात जाणारे असतील तर ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबर निवडा. पावसाला उघडीप मिळू लागते, मासेमारी सुरू झालेली असते, सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, रानफुलं येतात. फक्त गणपतीचे दिवस टाळा. तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावी येतात, महामार्ग गच्च भरतो, आणि ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार त्यांच्याच घरी गणपती असतो. त्यांच्या सणात आपली अडचण कशाला? पंधरा ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांमध्येही आंबोलीला गाड्यांची रांग लागते. जमलं तर सोमवारी निघा, गुरुवारी परता.

परतीचा रस्ता: राजाराम बंधाऱ्याची पातळी

कोल्हापूरकराला हे आकडे तोंडपाठ असतात, तरी सहलीच्या हिशोबात ते धरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पावसाळ्यात रोजच्या रोज ही पातळी जिल्हा प्रशासन जाहीर करतं आणि सगळ्या वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर येते.

मी स्वतः लावतो तो नियम असा. निघायच्या दिवशी पाणी पात्रात असेल आणि पुढच्या चार दिवसांत रेड अलर्ट नसेल तर बिनधास्त निघावं. पाणी पात्राबाहेर पडलं असेल आणि चढतंच असेल तर एक दिवस थांबून बघावं. इशारा पातळी ओलांडली असेल आणि वर पाऊस सुरू असेल तर सहल पुढे ढकलावी. गगनबावडा आणि राधानगरीत पडलेला पाऊस शहराजवळ पोचायला काही तास लागतात. म्हणजे सकाळी शहरात ऊन पडलं असलं तरी रात्रभर वर काय झालंय यावर संध्याकाळची पातळी ठरते. म्हणून फक्त आकडा न बघता तो चढतोय की उतरतोय हे बघायचं, आणि धरणातून विसर्ग किती सुरू आहे तेही.

पाणी वाढलं की गगनबावडा रस्त्यावर बालिंगा पूल आणि पुढे मांडुकलीचा पट्टा, तर रत्नागिरी रस्त्यावर केर्लीचा भाग आधी अडचणीत येतो. मोठ्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा बंद पडतो, 2019 आणि 2021 ला तो बंद पडला होताच. त्यामुळे एकच परतीचा रस्ता डोक्यात ठेवून निघू नका. जाताना गगनबावड्याने गेलात तर येताना आंबोलीहून वर चढता येईल का, किती वेळ जास्त लागेल, डिझेल किती लागेल, हे कागदावर लिहून ठेवा. कागदावर म्हणतोय ते मुद्दाम, कारण घाटात नेटवर्क जातं आणि मोबाइलमधला नकाशा तिथेच अडकतो. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला तरी बंद झालेला रस्ता तो दाखवीलच असं नाही.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आणि तातडीसाठी 112 हा क्रमांक गाडीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. रस्ता चालू आहे का हे विचारायला मात्र घाटाच्या पायथ्याचं किंवा माथ्याचं हॉटेल, पेट्रोल पंप आणि एसटीचे चालक हे सगळ्यात खात्रीचे. एसटी वरून खाली येत असेल तर घाट चालू आहे, इतकं सोपं आहे ते.

कुठला घाट

गगनबावड्याहून खाली उतरायला दोन वाटा फुटतात, करूळ आणि भुईबावडा. दोन्ही वैभववाडीच्या बाजूला उतरतात. देवगड, विजयदुर्गला हा रस्ता सगळ्यात सरळ. वैभववाडी, मग तळेरे, आणि तिथून पुढे किनारा. पण गगनबावडा हा महाराष्ट्रात सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, त्यामुळे दरड आणि धुकं दोन्ही इथे नित्याचं. करूळ घाट 2024 मध्ये रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता आणि सगळी वाहतूक दुसऱ्या घाटांवर गेली होती. असं काम कधीही निघू शकतं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करायचीच.

फोंडा घाट राधानगरी, दाजीपूर करत कणकवलीच्या बाजूला उतरतो. मालवण, तारकर्लीला जाणाऱ्यांना हा सोयीचा. दाजीपूरचा जंगलाचा टप्पा पावसात फार देखणा असतो आणि फारसा गजबजलेला नसतो. मला विचाराल तर चालवणाऱ्याला कमी थकवणारा घाट हाच.

आंबोली म्हणजे गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. वेंगुर्ला, शिरोडा किंवा गोव्याकडे जाणार असाल तर हाच रस्ता. संकेश्वर-बांदा महामार्गाच्या कामानंतर बराच भाग सुधारला आहे. अडचण पावसाची कमी आणि गर्दीची जास्त. रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्या उभ्या करणाऱ्यांमुळे तासन् तास कोंडी होते. शनिवार-रविवारी हा घाट सकाळी आठच्या आत ओलांडा, नाहीतर तो बेत सोडा.

आंबा घाट शाहूवाडी, मलकापूरवरून साखरप्याला उतरतो आणि पुढे हातखंब्याहून रत्नागिरी, गणपतीपुळे. 2021 च्या जुलैत इथे मोठ्या दरडी कोसळल्या होत्या. सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाला असेल तर तिसऱ्या दिवशी, पाऊस थांबलेला असला तरी, दरडीचा धोका राहतो, कारण माती तोवर पाण्यानं जड झालेली असते. हे सगळ्याच घाटांना लागू आहे. अणुस्कुरा राजापूरला उतरतो, शांत आहे, अरुंद आहे. सवय असलेल्यांनीच पावसात त्या वाटेनं जावं.

घाट कुठलाही असो, तो उजेडात उतरायचा आणि उजेडातच चढायचा. सकाळी सहाला घर सोडलं तर नऊ-साडेनऊपर्यंत खाली पोचता येतं. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलवर गाडी सोडून ब्रेकवर उतरणं पावसात जिवावर बेतू शकतं, कारण सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. धुक्यात हेडलाइट अपर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपर आणि खालचे फॉगलॅम्प. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार ते कळत नाही. आणि फोटोसाठी थांबायचंच असेल तर दरीच्या बाजूला, मोकळ्या जागेत. कड्याखाली, जिथून दगडमाती रस्त्यावर आलेली दिसते तिथे, एक मिनिटही उभं राहायचं नाही.

निघण्याआधी आठवडाभर गाडी दाखवून घ्या. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर कायद्यानंही तो टायर बाद आहे, पण पावसाळी घाटाला मी 3 मिलिमीटरच्या आतला टायर नेणार नाही. वायपरचं रबर बदला, दोन-तीनशे रुपयांचं काम असतं. काचेवर आतून वाफ धरते ती घालवायला एसी लागतो, म्हणून एसी चालू आहे ना बघा.

मुक्काम कुठे

गणपतीपुळे परिसर कुटुंबाला सोपा. मंदिर समुद्राला लागूनच, दर्शन झालं की टेकडीभोवतीची प्रदक्षिणा पावसात फार छान वाटते. आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेनं जातो, तिथे गाडीत बसूनही लाटा दिसतात. जवळच जयगड, आणि रत्नागिरीत रत्नदुर्ग, थिबा राजवाडा. म्हणजे दिवसभर पाऊस लागला तरी दोन दिवस कसे घालवायचे हा प्रश्न पडत नाही. पण पुळ्याचा समुद्र आत ओढणारा आहे आणि तिथे बुडून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. हे मनात ठेवून पायऱ्यांवरूनच बघा.

मालवण-तारकर्लीला उन्हाळ्यात ज्यासाठी जातात ते पावसाळ्यात बंद असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कुबा, पॅरासेलिंग हे सगळं मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबतं. कोणी चोरून बोट सोडायला तयार झालाच तर नम्रपणे नाही म्हणा. मालवणात मग काय उरतं? जेट्टीवरून दिसणारा, लाटांनी वेढलेला किल्ला, रॉक गार्डनला कठड्याच्या आतून बघायच्या फुटणाऱ्या लाटा, आणि बाजारपेठ. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी आहे. उधाणाच्या दिवसांत तिथे किनाऱ्यालगतच्या घरांपर्यंत पाणी येतं, त्यामुळे पावसात मी देवबागला मुक्काम करणार नाही, तारकर्लीत थोडा आतल्या बाजूला करीन.

वेंगुर्ला, आरवली, शिरोडा, रेडी हा पट्टा शांतता हवी असलेल्यांसाठी. आरवलीचा वेतोबा, रेडीचा गणपती, सुरूची बनं, आणि परतताना सावंतवाडीचा मोती तलाव व लाकडी खेळणी. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, पोरांना तेवढं सांगता येईल.

माझी स्वतःची निवड मात्र देवगड, कुणकेश्वर, विजयदुर्ग. कारण साधं आहे. सिंधुदुर्गला होडी लागते, विजयदुर्गाला लागत नाही. तीन बाजूंनी समुद्र आणि एका बाजूनं जमीन असल्यानं गाडी किल्ल्याच्या दारापर्यंत जाते आणि भर पावसात तुम्ही तिहेरी तटबंदीच्या आत उभं राहून बाहेरचा समुद्र बघू शकता. देवगडचा किल्ला आणि दीपगृहही असंच जमिनीवरून. कुणकेश्वरचं शिवमंदिर किनाऱ्यावरच आहे, सभामंडपात बसून लाटांचा आवाज ऐकावा. श्रावणी सोमवारी तिथे गर्दी असते, तेवढा वार सांभाळा. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत. पावसाची सर समुद्रावरून चालत येताना त्या सड्यावरून जशी दिसते तशी कुठूनच दिसत नाही. आधी क्षितिज पुसट होतं, मग पाण्याचा रंग मळतो, मग वारा एकदम गार होतो आणि पुढच्या मिनिटाला तुम्ही भिजलेले असता. तिथे विजा चमकायला लागल्या तर मात्र ताबडतोब गाडीत बसायचं, मोकळा सडा ही विजेच्या वेळी थांबायची जागा नाही. ‘दामिनी’ हे सरकारी अॅप विजेची सूचना देतं, ते घालून ठेवा.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

ऑनलाइन फोटो उन्हाळ्यातले असतात. म्हणून फोन करा आणि थेट बोला. कोकणी माणूस विचारलं की खरं सांगतो, पण विचारावं लागतं.

पहिला प्रश्न, “काका, घाट बंद पडला आणि आम्ही पोचलोच नाही, तर पैशाचं काय?” बहुतेक घरगुती मुक्कामवाले तारीख बदलून देतात. तसं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. दुसरा, इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, आणि तो पंखा चालवतो की फक्त दिवा. किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात वीज तासन् तास जाऊ शकते. तिसरा, व्हरांडा कुठल्या दिशेला. पावसाळी वारं नैर्ऋत्येकडून येतं, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेल्या व्हरांड्यात झड आत येते. झड अडवायला त्यांनी काही बांधलेलं असेल तर तोच व्हरांडा स्वर्ग आहे, नसेल तर खुर्चीही ठेवता येत नाही.

आणखी काही: कपडे वाळत घालायला आत दोरी आहे का, सकाळी गरम पाणी कधी मिळतं, पोचायच्या रस्त्यावर पाण्याखाली जाणारा एखादा कॉजवे आहे का, जवळचा दवाखाना कुठे. आणि गाडी कुठे लावायची. हा प्रश्न कोणी विचारत नाही. माडाखाली गाडी लावली आणि वाऱ्यात नारळ किंवा झाप पडला तर काच किंवा टप जातो. माडापासून लांब जागा नसेल तर दुसरं घर बघा.

भाव करायला हरकत नाही. हा बिगरहंगाम आहे आणि उन्हाळ्यापेक्षा दर उतरलेले असतात. पण फार ताणू नका, या चार महिन्यांत त्यांची कमाई थोडी असते.

सामान

जीन्स नको. एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. पातळ, लवकर वाळणारे कपडे, प्रत्येकी दोन जोड जास्त. छत्रीचा समुद्रकाठी उपयोग नाही, वारा ती उलटी करतो, रेनकोट हवा. पायात पट्ट्याच्या, खाली खाचा असलेल्या सँडल घ्या. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं आणि साधी स्लीपर त्यावर बर्फासारखी घसरते. सहलीत हात मोडून घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण समुद्रात नव्हे, अशा पायऱ्यांवरच पडलेले मी पाहिलेत.

जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं (ओल्या बुटांत बोळे कोंबायला), टॉर्च, पॉवर बँक, डासांचं मलम. रोख पैसे नक्की ठेवा, वीज आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. रात्री अंगणात किंवा बाथरूमकडे जाताना टॉर्च लावूनच जा, पावसाळ्यात साप कोरडी जागा शोधत घराजवळ येतात. पायाला जखम असेल तर ती झाकून ठेवा आणि साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अशा पाण्यातून जखमेवाटे शरीरात जातो. नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या, परतीला उशीर होऊ शकतो हे आपण आधीच धरलेलं आहे.

किनाऱ्यावर: भरतीचा हिशोब

भरती-ओहोटीच्या वेळा कोणाच्याही फोनवर मिळतात, पण हा जुना हिशोब प्रत्येकाला यावा असं मला वाटतं. तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधरा पाऊण सव्वा अकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपासची भरती उधाणाची, अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी जोराची. उधाणाच्या भरतीला जोरदार वारा मिळाला की पाणी नेहमीच्या खुणा ओलांडून वर येतं. म्हणून वाळूवर फिरायचं ते ओहोटी लागल्यावर, आणि उधाणाच्या लाटा बघायच्या त्या उंचावरून, कठड्याच्या आतून. खडकावर तर पावसाळ्यात चढायचंच नाही. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी माणूस घेऊन जाते, हे कोळ्यांना विचारा.

पाण्यात न उतरण्याबद्दल मी एवढा का बोलतोय? एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे 8 विद्यार्थी बुडाले. एप्रिल, म्हणजे समुद्र शांत असण्याचे दिवस. पावसाळ्यात किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेनं जोरात आत ओढलं जातं. वरून तो भाग उलट शांत दिसतो, लाट फुटत नाही म्हणून माणूस तिथेच उतरतो. गुडघाभर पाण्यात पायाखालची वाळू सरकते आणि पोहता येणाराही आत जातो. कोणी ओढलं गेलंच, तर त्यानं किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावं. आणि बाहेरच्यांनी मागोमाग उडी न टाकता दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि मदत बोलवावी. एकाला वाचवायला गेलेले दोघं जातात, हे दर वर्षी घडतं.

वाळूवर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर पोरांना हात लावू देऊ नका. मेल्यावरही त्या जेलीफिशसारख्या जीवाचे धागे डसतात.

हवामान खात्याचे रंग सोपे आहेत. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अति जोरदार, त्यावर अत्यंत जोरदार पाऊस. साधारणपणे यलोला बेत चालू, ऑरेंजला घाट टाळून गावातच फिरायचं, रेडला खोलीत. मोठ्या लाटांचा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राकडून येतो, तो बातम्यांत सांगतात.

जेवणाचं

कोल्हापूरकर कोकणात ताज्या माशांच्या आशेनं जातो. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, हा माशांच्या विणीचा काळ आहे. तेव्हा हॉटेलात मिळणारा पापलेट बहुधा बर्फातला असतो, आणि त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी घरच्या मावशींना विचारा, “आज तुमच्या घरात काय शिजलंय? तेच आम्हाला द्या.” मग खाडीतले मासे मिळतील, कुर्ल्या मिळतील, पहिल्या पावसात गेलात तर शेतात चढणारे वळगणीचे मासे मिळतील. सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजून, सोबत कुळथाची पिठी आणि गरम भात. बाहेर पाऊस, पागोळ्या गळतायत, आणि ताटात हे असलं की कशाचीच आठवण येत नाही.

श्रावण पाळणाऱ्यांची चैन तर याहून मोठी आहे. टाकळ्याची भाजी, फागलं, अळू, फणसाच्या आठळ्या घातलेलं काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, शिरवाळे आणि रस. या रानभाज्या हॉटेलच्या मेनूकार्डावर नसतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं. मोजकी माणसं आणि आधी सूचना, एवढं केलंत तर कोणतीही कोकणी बाई हात आखडत नाही. पाणी उकळलेलं मागा, कापून ठेवलेली फळं नको.

परत येताना आणि आल्यावर

परतीच्या आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी बघायच्या: राजाराम बंधाऱ्याची पातळी, घाटातला पाऊस, आणि दुसऱ्या दिवसाचा अलर्ट. सगळं ठीक असेल तर नाश्ता करून आठ-नऊला निघा, दुपारपर्यंत घाटमाथ्यावर या. “अजून एक चक्कर बीचवर मारू” म्हणत दोन वाजवले की घाटात अंधार गाठतो. पातळी चढत असेल तर दुसऱ्या घाटानं या. सगळेच रस्ते बंद असतील तर एक मुक्काम वाढवा. वाहतं पाणी रस्त्यावर असेल तर ते किती खोल आहे याचा अंदाज बांधत बसू नका, पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नका. घोटाभर दिसणाऱ्या पाण्याखाली रस्ता उरलेला असेलच असं नाही.

घरी आल्यावर गाडी दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, खालूनसुद्धा, नाहीतर खारी हवा पत्र्याला लागते. ओले कपडे लगेच बाहेर काढा, बुरशी एका रात्रीत धरते. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, अंग किंवा पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांकडे जा आणि आपण पावसात कोकणात गेलो होतो, साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, हे त्यांना आपणहून सांगा.